घरचा माणूस

गवंड्यांनी सुरक्षेचा पट्टा मागितला की ठेकेदार खेकसायचा, “आपण सगळी घरची माणसं! घरात कुणी पट्टा बांधून फिरतं का?”

मग सातव्या मजल्यावरची परांची कोसळली आणि एका गवंड्याचं कंबरडं मोडलं. प्रकरण कोर्टात गेलं. वकिलाने पढवल्याप्रमाणे ठेकेदार साक्षीच्या पिंजऱ्यातून छातीठोकपणे म्हणाला, “साहेब, तो माझा कामगारच नाही. घरचा माणूस, सहज भेटायला आला होता.”

“पाहुण्याला परांचीवर बसवता?” न्यायाधीशांनी विचारलं.

“घरच्या माणसाला कसलं आलंय मानपान!” स्वतःच्या हजरजबाबीपणावर ठेकेदार बेहद्द खूश झाला.

“बरं. मग हा घरचा माणूस कुठल्या दवाखान्यात होता, तेवढं सांगा.”

ठेकेदाराने वकिलाकडे पाहिलं. वकील फायलीत तोंड खुपसून बसला होता.