खोलेवाडीच्या पाइपाची चौकशी

आमच्या खोलेवाडीच्या लोखंडी पाइपलाइनची तीन वर्षांत चाळण झाली, तेव्हा ग्रामपंचायतीने आधी बाबाजानला चोर ठरवलं आणि मग चौकशी समिती नेमली. हा क्रम आमच्याकडे नेहमीचाच. समितीत सरपंच मच्छिंद्रराव, ग्रामसेवक आणि शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून मी. साल शहाण्णव. बाबाजान पंचायतीचा फिटर, पाइप जमिनीत घातला तो त्यानेच. चांगला माल विकून भंगार पुरलं, असा आरोप होता. सिद्ध झाला तर त्याची नोकरी जाणार होती.

मी माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, प्रज्ञाला बोलावलं. ती नगरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आल्या आल्या तिने विचारलं, "भोकं नेमकी कुठे पडलीत, सर?" इतका साधा प्रश्न समितीतल्या तिघांपैकी एकालाही सुचला नव्हता. भोकं सगळी शंभर फुटांत होती, सरपंचांच्या दूध डेअरीच्या मागे. तिथे कॅन धुतलेलं पाणी रोज चरात सोडत. खणलं तर काळा, बुळबुळीत चिखल लागला, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा. पलीकडे कोरड्या मुरमात त्याच मालाचा पाइप ठणठणीत होता.

"ह्या चिखलात हवा पोचत नाही," प्रज्ञा म्हणाली. "इथले जंतू दुधाच्या घाणीवर पोसतात आणि जो वायू सोडतात, त्याने लोखंड सडतं." तिने पाइपावरच्या काळ्या पापुद्र्यावर ॲसिडचे दोन थेंब टाकले. तोच सडक्या अंड्यांचा वास असा उठला, की ग्रामसेवक नाकाला रुमाल लावून मागे सरले.

सरपंच हसले. "जंतू लोखंड सडवत्यात? मंग माझ्या घरचा तवा कसा ऱ्हायला?"

"तवा तुम्ही चिखलात पुरत नाही," ती म्हणाली.

खड्ड्यात उभा असलेला बाबाजान महिन्यात पहिल्यांदा हसला.

संध्याकाळपर्यंत सरपंचांना जंतू एकदम आवडू लागले. जंतूंना मत नसतं, ते कोर्टात जात नाहीत, पेपरात बातमीही देत नाहीत. "सर, अहवाल लई भारी झालाय," मी लिहिलेला मसुदा वाचून ते मला म्हणाले. "जंतू ऱ्हाऊ द्या. फकस्त ते काय खात्यात, तेवढी वळ काढा."

गावातलं झाडून सगळं दूध त्यांच्याच डेअरीला जातं. माझ्या दोन गाईंचंही. मी ओळ काढून टाकली, आणि ह्याला समंजसपणा म्हणतात अशी स्वतःची समजूत घातली.

पण मग जंतू आले कुठून, हा प्रश्न उघडा पडला. ग्रामसेवकांनी तो सुवाच्य अक्षरात झाकला : 'पाइप पुरताना फिटरने स्वच्छता न राखल्याने जंतुसंसर्ग झाला.' विज्ञान इतक्या तत्परतेने कामाला लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिघांनी सह्या केल्या. तिसरी माझी.

कामावरून काढल्याचं पत्र घेऊन बाबाजान शाळेत आला. तास चालू होता. तो दारातच थांबला.

"चोर म्हनले आस्ते तर बरं हुतं, सर," तो म्हणाला. "चोराला पुनतांब्यात काम भेटतं. ज्याच्या हाताला जंतू हायेत, त्याला नळ जोडाया कोन घरात घेनार?"

मला लाज वाटली. चाळीस मुलं माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी फळ्याकडे वळलो आणि त्यांना पुस्तकं काढायला सांगितली.