दोन जणांची खुर्ची

बसा, पण पाठ टेकून. मी खुर्ची बोलतेय, कोलोरॅडोतल्या एका डोंगरावरच्या चेअरलिफ्टची. बर्फावरून घसरत खाली येण्याचं कौतुक सगळ्यांनाच असतं. वर नेतं कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. मी नेते.

लोखंडी नळी वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर लाकडी फळ्या ठोकल्या आणि डोक्यावर एक जाड चिमटा बसवला. त्या चिमट्यानं पोलादी दोर धरायचा आणि दोर चालेल तसं चालायचं, हे माझं काम. वारा सुटो, वीज जावो, माझी पकड कधी ढिली पडली नाही. उन्हाळ्यात मेकॅनिक मला उतरवायचे, चिमटा तपासायचे आणि पुन्हा लावायचे. माझ्यात खोट काढायला त्यांना फारसं कधी जमलं नाही.

माझ्यावर दोघंच बसतात. हो, दोघंच. मध्येच उतरायची सोय नाही, रागानं उठून जायला दुसरी खोली नाही. शिवाय मी हळू. वर पोचायला चांगला पाव तास घ्यायची. लोकांनी नावं ठेवली, ठेवू देत. त्या पाव तासात माणसं काय काय बोलून मोकळी झाली, ते मला ठाऊक आहे.

सप्टेंबरात बर्फ नसतं. तेव्हा साधे बूट घातलेले लोक झाडांची पिवळी पानं बघायला येतात. मागच्या सप्टेंबरात टेक्सासमधल्या अर्विंगहून ऋषी आला. बरोबर त्याची बायको मीरा, तान्हा आर्य आणि नागपूरहून आलेली ऋषीची आई, शुभाताई. त्यांच्याबरोबर आलेल्या शेजारच्या रेणू मावशी आर्यला घेऊन खाली कॅफेत थांबल्या.

सासू-सुनेचं आठवडाभर बोलणं बंद होतं. मीरा नोकरीवर परत जाणार म्हणून आर्यला डेकेअरमध्ये घातलं होतं. आपण घरात असताना नातवाला परक्यांकडे ठेवतात, हे शुभाताईंच्या मनाला लागलं. त्यांनी परतीचं तिकीट अलीकडे आणलं आणि मंगळवारी त्या निघणार होत्या. म्हणून ऋषीनं आईबरोबर बसायचं आणि मीरानं मागच्या खुर्चीत एकटीनं, असं ठरलं होतं.

पण चढायच्या रेघेवर या मंडळींनी आपला नेहमीचा घोळ घातलाच.

"आई, तू बस."

"तुम्ही दोघं बसा रे, मी येते मागून."

"नको, आईंना आधी बसू दे."

आग्रह करता करता ऋषी एक पाऊल मागे सरला. मी काही कुणासाठी थांबत नाही. मागून आले आणि सासू-सून दोघी माझ्यावर धपकन बसल्या. मागच्या खुर्चीतून ऋषी सॉरी सॉरी म्हणत राहिला.

बराच वेळ दोघी दोन दिशांना बघत होत्या. दरी खोल झाली तसा शुभाताईंनी मीराचा हात धरला. भीतीनं धरला, पण धरला.

"माझ्या हातून काय चुकलं, तेवढं सांग," त्या म्हणाल्या. "जाण्याआधी कळू दे."

"आई, तुमचं काहीच चुकलं नाही. तुम्हाला इथे सहाच महिने राहता येतं ना. तुम्ही गेल्यावर तो एकदम अनोळखी लोकांत पडला असता. तुम्ही असतानाच सवय लागली, तर रडून घरी आला तरी तुमच्या कुशीत शिरेल. म्हणून आत्ताच सुरू केलं."

"मग हे मला काहून नाही सांगितलं?"

"ऋषीला एक्सप्लेन करायला सांगितलं होतं."

शुभाताईंनी मागे वळून लेकाकडे बघितलं. "तो म्हणाला, मीराचं ठरलंय, तू मध्ये पडू नकोस."

मीराला रडू आलं. "मला तुम्ही हव्या आहात हो. रात्री आर्य रडला की मी घाबरते. तुम्हाला हाक मारायची पण हिंमत होत नव्हती."

वरचं स्टेशन आलं. तिथल्या माणसानं, पडू नये म्हणून पुढ्यात असतो तो दांडा वर करून उतरायची खूण केली. शुभाताईंनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला आणि मान हलवली. मी मोठ्या चाकाला वळसा घेतला आणि दोघींना घेऊन खाली निघाले. समोरून ऋषी वर येत होता.

"अगं, उतरला का नाहीत?"

"तू जा वर, पानं बघून ये," आई म्हणाली. "आमचं बोलणं व्हायचंय अजून."

मंगळवारचं तिकीट कॅन्सल करायचं त्या उतारावरच ठरलं. सांगताना आजही माझी छाती फुगते.

या उन्हाळ्यात मला उतरवलं, ते परत न लावण्यासाठी. नव्या लिफ्टचं डिझाइन करणारे मला ठोकून बघून म्हणाले, "मजबूत आहे, पण हळू." तो 'पण' मला झोंबला. मात्र हिवाळ्यात पोरंबाळं रांगेत कुडकुडतात, हे मलाही दिसत होतं. नवी खुर्ची सहा जणांची. स्टेशनात दोर सोडून हळू होते, कुणाच्या गुडघ्याला धक्का देत नाही, आणि बाहेर पडली की दोर पकडून सुसाट. हुशार आहे पोरगी, मान्य.

मी पार्किंगच्या कडेला बहिणींबरोबर ओळीनं पडलेय. कुणाच्या अंगणात जाईन की भंगारात, कोण जाणे. माझं काम मी चोख केलं. मागणं एकच, नव्या लिफ्टवर माणसं बसवणाऱ्यांकडे. रांग मोठी असेल, सहाच्या सहा जागा भरायची तुम्हाला घाई असेल. तरी कधी दोघी जणी एकमेकींकडे न बघता रेघेवर येऊन उभ्या राहिल्या, तर उरलेल्या चार जागा रिकाम्या जाऊ द्या.