न्यूटल

दलसिंगने तीस वर्षं शहादा ते धडगाव काळीपिवळी जीप चालवली, आणि तीस वर्षांत त्या जीपचा हँडब्रेक एकदाही लागला नाही. लागायला तो जागेवर होता कुठे? घाटात थांबायचं तर एकच रीत: इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकाला दगड. आत कोंबलेली आणि मागे लटकलेली माणसं या रीतीच्या भरवशावर चहाला उतरायची. त्यातल्या कुणाला कधी खरचटलंसुद्धा नाही. दलसिंगला आयुष्यात कशाचा तोरा असेल तर तो तेवढाच, आणि तेवढा असायला काहीच हरकत नव्हती.

जीप काढून त्याने जुनी छोटी कार घेतली ती बायकोपायी. कोकिळाच्या पोटात गाठ निघाली होती. दर तीन आठवड्यांनी नंदुरबारच्या दवाखान्यात सलाईनमधून औषध घ्यायला तिला न्यावं लागे. औषध ती निमूट घेई. हाल व्हायचे ते नंतर. बाहेर गाडी उन्हात तव्यासारखी तापलेली असायची, आणि त्या तापल्या सीटचा वास नाकात गेला की कोकिळाला उलट्या सुटायच्या. एकदा ती अर्ध्या रस्त्यात उतरली, निंबाखाली बसली आणि म्हणाली, "मी आठेच ऱ्हास. तुम्ही जा घर." थट्टाच होती ती, पण दलसिंगच्या काळजाला लागली.

मग मोबाईलवर त्याने ते यंत्र पाहिलं. खिशातलं बटण दाबायचं, की लांब उभी गाडी आपोआप सुरू होते आणि तिचा एसीही. माणूस जाऊन बसेपर्यंत आत गारवा. दलसिंग दुसऱ्याच दिवशी नंदुरबारला शोरूमवर गेला. तिथल्या माणसाने हातच जोडले.

"काका, तुमची गिअरची गाडी आहे. आम्ही हे बसवत नाही. चुकून गिअरमध्ये राहिली तर उडी मारेल."

दलसिंगचं डोकंच फिरलं. हा कालचा टायवाला त्याला गिअर शिकवणार! त्याने यंत्राची पेटी घरीच मागवली, व्हिडिओ लावला आणि स्टिअरिंगखाली आडवा झाला. दुपारपर्यंत अशी काही जोडणी केली की बटण दाबलं की हॉर्न आणि वायपर दोन्ही एकदम सुरू. कोकिळा दारातल्या खुर्चीवरून बघत होती.

"गाडी नाची ऱ्हायनी," ती म्हणाली आणि खुदकन हसली. किती तरी दिवसांनी हसली, म्हणून दलसिंगने ती फजितीही गोड मानून घेतली.

शेवटी काम केलं गोकुळने. हा गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री, जीपच्या वेळेपासूनचा दोस्त. क्लच न दाबता इंजिन चालू व्हावं अशी त्याने जोडणी केली, आणि समोरच्या काचेखाली एक पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर मार्करने लिहिलं: न्यूटल. म्हणजे गाडी कुठल्याच गिअरमध्ये नको.

"देख दलसिंगभाऊ, तुन्हा हात माले माहीत शे," तो म्हणाला. "उतरतांना न्यूटल करानं आनि हँडब्रेक वढाना. आते हँडब्रेक शे तुन्हाकडे."

पुढच्या खेपेला दलसिंगने दवाखान्याच्या जिन्यातल्या खिडकीतून बटण दाबलं. कोकिळाला धरून धरून खाली आणलं तेव्हा गाडी गार झाली होती. ती बसली, डोकं मागे टेकलं आणि शहादा येईपर्यंत शांत झोपली. त्या पाऊण तासात दलसिंगने एकही खड्डा चुकवायचा सोडला नाही. आपल्या हातून काहीतरी झालं, असं त्याला आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा वाटलं.

मे महिन्यात डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, आता औषध बंद करू, घरी न्या.  कोकिळाला सगळं समजलं होतं. तिने फक्त एक गोष्ट मागितली.

"माले रुखमाबाईकडे ली चला. तिन्हा हातनी कळन्यानी भाकर खानी शे."

रुखमाबाई तिची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ज्वारी-उडदाच्या त्या भाकरीचे घास भरवून भरवून तिनेच कोकिळाला वाढवलं होतं. तिचं गाव तापीकाठी, प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडे, शहाद्यापासून अर्धा तास. पण गुडघे गेल्यामुळे तिला खाट सुटत नव्हती. जायचं तर कोकिळानेच, आणि रिक्षाचे धक्के नि ऊन तिला सोसणारे नव्हते. दलसिंग म्हणाला, "सकाय जाऊत. तुले गाडी थंडी करी देस."

त्या संध्याकाळी तो औषधं घेऊन घरी आला आणि गाडी दारासमोरच्या उतारावर लावली. डोक्यात डॉक्टरांचे शब्द फिरत होते. उतरला, आत गेला.

सकाळी कोकिळा अंथरुणातून आपण होऊन उठली. अंजिरी लुगडं नेसली, शेजारणीकडून वेणी घालून घेतली आणि दारातल्या खुर्चीवर येऊन बसली. महिन्याभरात तिच्या तोंडावर अशी तरतरी आली नव्हती. दलसिंगने तिच्या समोर, जरा मिरवतच, खिशातून बटण काढलं आणि दाबलं.

गाडीने उडी मारली. इंजिन लागलं, आणि ती समोरच्या सिमेंटच्या हौदावर जाऊन आदळली. तोंड चेपलं, खालून हिरवं पाणी वाहायला लागलं. दलसिंग धावला, दार उघडून आत पाहिलं. दांडा पहिल्या गिअरमध्ये. मागच्या चाकामागचा दगडही जागेवरच पडलेला होता. तो आपण कधी लावला हेही त्याला आठवेना. तीस वर्षांचं वळण, हाताने परस्पर काम उरकून टाकलं होतं.

"तीस वरीस लोकस्ना जीव वाचाडात," कोकिळा खुर्चीवरून म्हणाली, "आनि आज हौदना जीव लिधा."

त्याला हसता येईना. तो दुसऱ्या गाडीसाठी गावभर फिरला. नेमकी लग्नाची दाट तिथी, गावातली झाडून सगळी वाहनं वऱ्हाडात गेलेली. धाकटा भाऊ भरत कुणाची तरी गाडी घेऊन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कोकिळा तोवर खुर्चीतच कलली होती. वेणी सुटली होती.

"आते ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सकाय जाऊत."

दुसऱ्या दिवशी तिला बसवताही येईना. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी थंडी व्हयनी का?"

"व्हयनी," दलसिंग म्हणाला. "चाल."

ती उठल्यासारखी जरा हलली, आणि तेवढ्यातच गेली.

गोकुळने गाडी दुरुस्त करून आणली. ती पेटी काढून टाकू का, असं त्याने खाली बघत विचारलं. दलसिंगने मान हलवली, नको म्हणून.

अस्थी प्रकाशाला न्यायच्या दिवशी सकाळपासूनच ऊन पेटलं होतं. दलसिंगने दांडा तीनदा डावीउजवीकडे हलवून पाहिला, हँडब्रेक ओढला, बाहेर येऊन बटण दाबलं आणि गाडीपाशी उभा राहिला. दहा मिनिटं. भरत, सुरतेहून आलेली मुलगी संध्या, सगळे उन्हात ताटकळले. संध्या मडकं मांडीवर घेऊन मागे बसायला निघाली, तर तो म्हणाला, "नही. ती पुढे बसस." आणि त्याने मडकं पुढच्या सीटवर ठेवून पट्टा लावला.

वाटेत त्याने गाडी रुखमाबाईच्या दारासमोर थांबवली. अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून लोकांनी म्हातारीलाच खुर्चीसकट उचलून गाडीपाशी आणलं. तिने पदराआडून फडक्यात बांधलेली भाकर काढली.

"त्या दिन बी करेल व्हती," ती म्हणाली. "दिवस बुडेपावत वाट देखी. काय व्हयनं व्हतं, पाव्हना?"

सगळ्यांना तो गाडी बिघडली एवढंच सांगत आला होता. आता मात्र राहवलं नाही.

"गिअरमा व्हती," दलसिंग म्हणाला. "मीच ठेयेल व्हती. गाडी गिअरमा व्हती, बाई."

रुखमाबाईने त्याच्याकडे पाहिलं. जन्मात ती गाडीच्या पुढच्या सीटवर बसली नव्हती. गिअर म्हणजे काय, ते तिला कुठून कळणार?

"व्हई," ती समजूत घातल्यासारखं म्हणाली. "ऱ्हास एकेकना नशीबमा."

मग तिने दारातून हात आत घातला, भाकर मडक्याशेजारी ठेवली आणि हात तसाच थोडा वेळ सीटवर राहू दिला.

"थंडी शे व गाडी," ती बहिणीला म्हणाली. "बरं व्हयनं. तुले ऊन नही लागनं."

दलसिंग गाडीला टेकून खाली बसला आणि भर रस्त्यात, लोकांसमोर, मोठ्याने रडला.