मेव्हण्याच्या हातचा दोर

"वेढे घातलेस का नीट?" तिप्पण्णाने घळीच्या काठावरून विचारलं.

"घातले की," भिमा म्हणाला. वर काही बघितलं नाही.

चिंचेच्या बुंध्याला दोराचे वेढे, शेपूट भिमाच्या हातात, दुसरं टोक तिप्पण्णाच्या कमरेला. मध काढणाऱ्यांची रीतच होती ती, दोर धरावा बायकोच्या भावाने. सख्ख्या भावाच्या डोक्यात वाटणीचा बांध असतो, त्याचा काय नेम? मेव्हणा मात्र बहिणीचं कुंकू सांभाळणारच. पण बहीणच राहिली नाही तर? त्याबद्दल रीत गप्प होती.

भिमाची बहीण ईरम्मा पावसाळ्यात तापाने गेली. भिमा सोलापूरच्या गिरणीतून धावत आला होता, अक्कलकोटहून मोटारीने दवाखान्यात नेऊ म्हणाला होता. तिप्पण्णा म्हणाला, "उद्या बघू." तो उद्या उजाडलाच नाही. तेव्हापासून भिमा कामापुरतं बोलायचा. तरी आज बोलावल्यावर आला. तिप्पण्णाला त्याच्या हातांची भीती वाटत होती, खरंच वाटत होती. पण दोर दुसऱ्या कुणाला द्यायचा म्हणजे ती गेली हे कबूल करायचं, आणि ते त्याच्याने होईना. तो खाली उतरला.

घळीत भरदुपारीही ऊन पोचत नसे. धुरीने माश्या उठल्या. पोळं कापून त्याने कमरेच्या डब्यात टाकलं, आणि वरून दोर सुटला.

तिप्पण्णा सरसरत खाली गेला. ओरडायलाही सवड झाली नाही. मग दोर थांबला, हळूच, कुणी लहान पोराला धरावं तसा. आणि दोरावर टिचक्या वाजल्या.

ईरम्माची सवय होती ती. भावाशेजारी बसून ती दोराच्या शेपटावर टाच रोवायची, आणि मधूनच टिचकी मारून विचारायची, हायसा न्हवं? तिप्पण्णाच्या बोटांनी जुन्या सवयीने उलट टिचकी मारली.

दोर धरून, खडकाला पाय देत तो वर आला. चिंचेखाली कुणी नव्हतं. भिमा लांब बांधावर बसला होता, गुडघ्यांत तोंड घालून.

"म्या सोडला व्हता, दाजी," तो म्हणाला. "दोनी हातांनी सोडला. तुमी बी जावं आसं वाटलं. मग त्यो आपसूक थांबला. कुनी धरला?"

तिप्पण्णाने बुंध्याशी पाहिलं. दोराचं शेपूट एका जागी मातीत दाबलं गेलं होतं, टाचेएवढ्या खळग्यात. त्याला राग यायला हवा होता. रडूच आलं.

डोळे पुसून त्याने पोळ्याच्या नेहमीसारख्या तीन वाटण्या केल्या. तिसरी पळसाच्या पानावर चिंचेच्या मुळाशी ठेवली. मग दोराचं शेपूट उचलून भिमाच्या हातात दिलं.

"खाली आजून येक पोळं हाय. धर."

भिमा बुंध्याला टेकून बसायला गेला.

"तितं नगं," तिप्पण्णा म्हणाला. "जरा सरकून बस."

भिमा सरकला. शेजारची जागा मोकळी ठेवून त्याने दोर धरला.