खाली बघणाऱ्या बाईची साक्ष

मित्रांनो, मी गुडघ्यापर्यंत येणाऱ्या काळ्या बुटांचा एक जुना जोड आहे. जर्मनीतल्या एका चांभाराने मला शिवलं, तेव्हा हात फिरवत तो म्हणाला होता, "दृष्ट लागेल असे झालेत!" मीही हुरळून गेलो.

मग मी हेडविगच्या पायात गेलो. ती बायकांच्या छळछावणीत पहारेकरीण होती. रोज मला पॉलिश व्हायचं, रोज कौतुक व्हायचं, आणि रोज थकून पडलेल्या बायकांना ती लाथा घालायची. लाथ तिची, पण लागायचो मी. अजून जीव कासावीस होतो हो!

पहारेकरणीच्या तोंडाकडे कैद्यांनी बघायचं नाही, असा तिथला नियम होता. हेडविगचा चेहरा त्यांना ठाऊकच नव्हता. मला मात्र त्या पुरत्या ओळखून होत्या, डाव्या बुटावरच्या निखाऱ्याच्या डागासकट.

जर्मनी हरली. हेडविगला पकडून नेलं, ते घरातल्या सपाता घालूनच. मी घरी राहिलो. तेव्हा बूट मिळायचे कुठे? तिच्या धाकट्या बहिणीने, ल्योनीने, मला वापरायला काढलं आणि मला घालूनच ती खटला बघायला गेली. पहिल्या रांगेत बसली.

साक्षीला पोलंडची स्तेफानिया आली. तिची बहीण हानिया हेडविगच्या लाथांनी मेली होती. हे पाहिलेली तेवढी एकटीच जिवंत उरली होती.

"यातली हेडविग कोण, दाखवा," सरकारी वकील म्हणाला.

स्तेफानिया मान खाली घालूनच आरोपींच्या बाकापुढून गेली. सगळ्यांच्या पायात साधे जोडे. ती वळली, माझ्यासमोर थबकली आणि तिने निखाऱ्याच्या डागाकडे बोट केलं.

"ही! हिनेच माझ्या हानियाला मारलं!"

लोक हसले. हेडविगचा वकील उठला. "वा बाई! ही पोर तर लढाईभर पाव विकत होती!"

"साहेब, वर बघितलं की मार पडायचा. चेहरा कुठून बघणार? मी बूट ओळखते. हिला विचारा, कुणाचे आहेत?"

न्यायाधीशांनी विचारलं. ल्योनीने मला बाकाखाली ओढलं.

"माझेच. बाजारातून घेतलेत."

ओळख पटली नाही, हेडविग सुटली. स्तेफानिया जमिनीकडे बघतच बाहेर गेली.

घरी मला पायातून काढताना ल्योनी रडत होती. "काय करू? सख्खी बहीण आहे ना माझी!"

हानियासुद्धा कुणाची तरी सख्खी बहीणच होती ना!

मित्रांनो, मला पॉलिश नको, कपाटात जागा नको. एवढंच करा, खरं ठाऊक असेल तर पाय मागे घेऊ नका, बोला. त्या दिवशी तिथे बूट कुणाचे, हे खरं आम्हा तिघांना ठाऊक होतं. हेडविग बोलणार नव्हती. मला बोलता येत नव्हतं. ल्योनीला येत होतं.