दारवाली बाकं आणि गुरुवारचं सूप

मी एपिस्कोपल चर्च बोलतंय. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातलं, खाडीकाठचं, लाल दाराचं. दारावर 'ऐतिहासिक वास्तू' अशी पितळी पाटी आहे. ती ठोकणाऱ्यांबद्दल माझं मत काही बरं नाही. बसा, किस्साच ऐका.

मला बांधलं भातशेतीच्या मालकांनी. म्हणजे विटा पाडल्या, भाजल्या त्यांच्या गुलामांनी. भिंतीवर नावं लागली मालकांची. विटांत त्या हातांचे ठसे अजून आहेत. मालक खाली दारवाल्या बाकांत बसत, म्हणजे एकेका घराण्याच्या मालकीच्या, छोटं दार लावलेल्या खणांत; वीट भाजणारे वर, सज्जासारख्या माळ्यावर.

त्या बाकांचा रुबाब अजून उतरलेला नाही. गेल्या ईस्टरला एक परगावची म्हातारी चुकून मुख्य विश्वस्त प्रेलोसाहेबांच्या बाकात बसली. साहेब सबंध प्रार्थनाभर शेजारी ताटकळत उभे! प्रार्थनेत शेजाऱ्याला 'शांती असो' म्हणत हात मिळवायची वेळ आली, तेव्हा हात पुढे करून म्हणाले, "हे आमचं बाक आहे." कापडाचा पोत बोटाला कळतो, तसा माणसाचा मला असा कळतो.

खाली तळघरात दर गुरुवारी ओडेसा गिलियर्ड भेंडी-कोळंबीचं सूप आणि भात वाढते. तिची पणजी माळ्यावर बसायची. जेवायला येतात बोटीवरचे, रोजंदारीवरचे, बेघर. यंदा साहेबांना शोध लागला, की सुपाच्या वाफेने माझ्या छताचा रंग उडतो! वार्षिक सभेत त्यांनी तळघराला कुलूप घालायचा ठराव आणला.

"मिस ओडेसा, वास्तू जपायला नको का?"

"जपा की साहेब. वास्तूला भूक लागत नाही, केवढी सोय!"

मताची वेळ आली. ठरावाविरुद्ध खाली पाच-सहा हात वर झाले. आणि मग माळ्यावर सगळेच.

साहेबांनी मान वर केली. "ही मंडळी कोण?"

पाद्रीण गॅडसनबाईंनी नोंदवही पुढे सरकवली. "आपलेच सभासद. बाप्तिस्मा झालेला, वर्षात तीनदा प्रभुभोजन घेतलेला, त्याला मत. मी गुरुवारी सुपाआधी खाली प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस देते."

"हे कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. तुम्ही कधी खाली उतरलाच नाहीत."

ओडेसा माळ्यावरून ओरडली, "पुढच्या गुरुवारी या साहेब, भात जास्त टाकते!"

ठराव पडला. साहेब अजून आले नाहीत.

आता माझ्या छताचे पोपडे सुटताहेत. सुटू देत. पाटी वाचून, फोटो काढून जाणारे असाल तर खुशाल जा. तसले मी ढिगाने पाहिलेत. पण गुरुवारी आलात, तर मागच्या जिन्याने तळघरात उतरा आणि जागा दिसेल तिथे बसा. तिथल्या बाकांना दारं नाहीत.