आठवड्याचे एकोणीस युनिट

"आधी मीटर दाखव, मंग तोंड दाखव," अमृतराव फोनमध्ये म्हणाले.

करुणानं मोबाइल भिंतीवरच्या मीटरकडे वळवला. कळमनुरीत रविवारची दुपार होती, लेकीकडं इंग्लंडात सकाळ. अमृतरावांनी डोळे बारीक करून आकडा वहीत उतरवला. वीज कंपनीत तेहतीस वर्षं मीटरचं रीडिंग घेतलेला माणूस. कुणाकडे पाहुणे मुक्कामाला आहेत, कुणाची सून रुसून माहेरी गेली, हे त्यांना शेजाऱ्यांच्या आधी कळायचं. दाराला कुलूप दिसलं, तर शेऱ्यात लिहायचे, 'घर बंद. पुढच्या खेपेला पाहावे.'

लेक तिकडं नर्स म्हणून गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. तिथल्या थंडीचं ऐकल्यापासून अमृतरावांनी घर तापवण्याच्या खर्चाचा अभ्यासच मांडला होता. गॅसचा बॉयलर: युनिट स्वस्त, पण माणूस एका खोलीत आणि ऊब संडासालाही, तासाला साठ पेन्स. विजेचा हीटर: युनिट चौपट महाग, पण तापवतो एकच खोली, तासाला पंचवीस. विजेचं ब्लँकेट: तासाला अडीच, मात्र चहा करायला उठलं की ऊब पलंगावरच राहते. 'हीटर, रोज चार तास,' असा निकाल त्यांनी दिवाळीतच दिला होता.

"वाकळ लिवा," कमलबाई म्हणाल्या होत्या. "युनिट शून्य."

जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून पाठवलीही. पार्सलच्या पैशात हीटर महिनाभर सहज चालला असता, हे अमृतरावांनी वहीत लिहिलं आणि वही बायकोच्या नजरेआड ठेवली.

आज त्यांनी मागच्या रविवारचा आकडा धरून वजाबाकी केली. चष्मा पुसून पुन्हा केली.

"करुणे, हीटर लावून राहिली ना?"

"व्हय बाबा. रोज चार तास."

"आठवड्याचे एकोणीस युनिट पडले. एकट्या हीटरचेच अठ्ठावीस व्हायला पायजेत. तुजा फ्रिज काय उलटी वीज देऊन राहिला?"

करुणा हसली.

"आईची वाकळ हाय की, बाबा."

"ते ठीक. हीटर काहून न्हाई?"

"तिकिटाचे पैसे जमवून राहिले. बुद्धपौर्णिमेला यायचं म्हणते."

दाराशी तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या कमलबाईंचे हात थांबले. भिंतीवरच्या कॅलेंडरात मे महिन्यातल्या पौर्णिमेभोवती लाल गोल होता. तो अमृतरावांनीच काढला होता, नवं कॅलेंडर आणलं त्याच दिवशी.

"आन् हीटर, तिकीट दोन्ही?" त्यांनी विचारलं.

"भाडं वाढलं बाबा. दोन्ही न्हाई जमत."

अमृतरावांनी वही पुढं ओढली. बॉयलर, हीटर, ब्लँकेट, सगळं पुन्हा तपासलं. आकडे चोख होते. विमानाचं तिकीट तेवढं त्यांनी कुठंच धरलेलं नव्हतं. तेहतीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती.

मग त्यांनी वही मिटून पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. नाकाचा शेंडा लाल झाला होता. बोलताना तोंडातून वाफ निघत होती, घरात बसून.

"हीटर लाव."

"मंग मे मधी..."

"आमी काय कुठं पळून चाललो? चार तास म्हणजे चार तास. मी मीटर पाहणार हाये."

पुढच्या रविवारी न सांगताच करुणानं मोबाइल आधी मीटरकडे धरला. बोलणं झालं, फोन ठेवला, वजाबाकी झाली.

"किती?" कमलबाईंनी विचारलं.

"सत्तेचाळीस."

"म्हणजे लावून राहिली."

"बराबर लावून राहिली."

कमलबाई शेंगांनी भरलेलं सूप उचलून आत गेल्या. अमृतराव उठले आणि कॅलेंडरची पानं वर करत मे महिन्यापर्यंत आले. लाल गोल त्यांनी खोडला नाही. त्याच्या शेजारी, रजिस्टरात लिहायचे त्याच बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं, 'पुढच्या खेपेला पाहावे.'